पीट टाउनशेंडच्या सावलीतला रॉनी लेन

अहिल्यानगरहून दौंडच्या रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर अरणगाव लागते. गावाजवळच्या टेकडीवर आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांची समाधी आहे. १८९४ साली पुण्यात एका इराणी कुटुंबात जन्मलेल्या मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत ते सोडले नाही. दरवर्षी त्या दिवशी, म्हणजे अमरतिथीला, या टेकडीवर देशोदेशीचे लोक जमतात. पाश्चात्त्य रॉक संगीताशी या जिल्ह्याचे नाते जुळले तेही याच समाधीमुळे. तो विषय निघाला की हमखास एक नाव घेतले जाते : इंग्लंडच्या ‘द हू’ या बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड. त्याचे १९७१ सालचे ‘बाबा ओ’रायली’ हे गाणे मेहेरबाबा आणि अमेरिकी संगीतकार टेरी रायली यांच्या नावांवरून ओळखले जाते, आणि रॉक ऐकणाऱ्या माणसाने ते ऐकले नाही असे क्वचितच घडते. टाउनशेंडची कीर्ती रास्त आहे. पण त्याच काळात, त्याच श्रद्धेने गाणी करणारा त्याचा एक मित्र या गोष्टीतून जवळजवळ गळून गेला. त्याचे नाव रॉनी लेन. मेहेरबाबांचा विचार रॉक संगीतात नेमका कसा उतरला हे समजून घ्यायचे असेल, तर टाउनशेंडइतकेच लेनकडेही पाहावे लागेल.

लेनचा जन्म १ एप्रिल १९४६ रोजी पूर्व लंडनमधल्या प्लेस्टो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाला. १९६५ मध्ये स्टीव्ह मॅरियट या गायक-गिटारवादकाबरोबर त्याने ‘स्मॉल फेसेस’ हा बँड उभा केला. बँडची बहुतेक गाजलेली गाणी या दोघांनी मिळून लिहिली. १९६८ चा त्यांचा ‘ऑग्डेन्स नट गॉन फ्लेक’ हा अल्बम ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. पुढच्या वर्षी मॅरियट बाहेर पडला, रॉड स्ट्यूअर्ट आणि रॉनी वुड आले आणि बँडचे नाव नुसते ‘फेसेस’ झाले. स्ट्यूअर्टची स्वतंत्र गाणी तुफान चालू लागली, तसा लोकांच्या लेखी हा बँड म्हणजे स्ट्यूअर्टचे साथीदार एवढाच उरला. १९७३ मध्ये, बँड ऐन भरात असताना, लेन त्यातून निघाला आणि त्याने ‘स्लिम चान्स’ हा स्वतःचा बँड काढला. मागे पडण्याचे पहिले कारण इथेच सापडते. एका बँडमध्ये त्याचे श्रेय मॅरियटच्या आवाजाखाली दबले, दुसऱ्यात स्ट्यूअर्टच्या. तिसरा बँड त्याच्या नावावर होता, पण तोवर प्रसिद्धीची लाट दुसरीकडे वळली होती.

टाउनशेंडप्रमाणेच लेनही साठच्या दशकाच्या अखेरीस मेहेरबाबांकडे ओढला गेला. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गॉड स्पीक्स’ या ग्रंथात मेहेरबाबांनी चेतनेचा प्रवास सांगितला आहे : दगड, धातू, वनस्पती, किडा, मासा, पक्षी, पशू आणि शेवटी माणूस. विषय जड आहे. लेनने त्यावर गाणे केले आणि तेही पूर्व लंडनच्या गुत्त्यात चार माणसांनी टेबलावर ठेका धरून म्हणावे अशा चालीत. फेसेसच्या १९७० च्या पहिल्या अल्बममध्ये ते ‘स्टोन’ या नावाने आहे. तेच गाणे ‘इव्होल्यूशन’ या नावाने, टाउनशेंडच्या साथीने, मेहेरबाबांच्या जन्मदिनानिमित्त काढलेल्या ‘हॅपी बर्थडे’ या १९७० च्या मर्यादित प्रतींच्या तबकडीवर आले आणि १९७२ मध्ये टाउनशेंडच्या ‘हू केम फर्स्ट’ या अल्बममध्ये सर्वांपर्यंत पोचले. चौऱ्याऐंशी लक्ष योनींची कल्पना ज्याला ठाऊक आहे आणि एकनाथांची भारुडे ज्याने ऐकली आहेत, त्या मराठी श्रोत्याला यातले मर्म सांगावे लागत नाही. गहन तत्त्व हसत-खेळत, लोकांच्याच बोलीत सांगणे हे सोपे काम नाही. टाउनशेंडच्या संगीतात शोधाची तळमळ आहे, भव्यता आहे. लेनच्या गाण्यात सापडल्याचे समाधान आहे. मेहेरबाबांच्या शिकवणुकीला या दोन्ही बाजू आहेत आणि आपण त्यातली एकच ऐकत आलो आहोत.

यावर पहिला आक्षेप जाणकारांकडून येतो. लेन मुळात बास गिटार वाजवणारा. जिमी हेंड्रिक्स किंवा एरिक क्लॅप्टन यांच्यासारखी बोटांची करामत त्याच्याकडे नव्हती, मग थोर गिटारवादकांच्या चर्चेत त्याला का आणायचे? बास गिटार म्हणजे साधारणपणे चार जाड तारांची, खालच्या सप्तकात बोलणारी गिटार. ड्रमचा ठेका आणि गाण्याची चाल यांना जोडून ठेवणे हे तिचे काम. ती थांबली की गाणे पोकळ वाटू लागते, पण ती वाजत असताना तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. लेन बासवर नुसता आधाराचा स्वर धरून बसत नसे. गायकाच्या चालीला उत्तर देणारी दुसरी चाल तो खालून गुंफत जाई. पुढे स्लिम चान्समध्ये त्याने साधी लाकडी गिटार हाती घेतली आणि मँडोलिन, अकॉर्डियन, फिडल अशा वाद्यांच्या मेळात ती अशी बसवली की कोणतेच वाद्य दुसऱ्यावर कुरघोडी करत नाही. वादकाची उंची त्याच्या वेगावर मोजली तर लेन मागे पडेल. पण गाण्याला जेवढे हवे तेवढेच वाजवणे हीसुद्धा मोठी विद्या आहे आणि त्या कसोटीवर तो पहिल्या रांगेत बसतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. लोकांना आवडले असते तर त्यांनी डोक्यावर घेतले असते, खपले नाही म्हणजे कमअस्सल. या आक्षेपाचे उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वाचकाइतके चांगले कोणाला कळणार? १९७४ मध्ये लेनने ‘द पासिंग शो’ नावाचा दौरा काढला. मोठमोठी सभागृहे नाकारून त्याने सर्कशीचा तंबू, जुन्या गाड्या, राहण्याच्या कॅराव्हॅन, वादक, विदूषक आणि कसरतपटू असा सगळा संसार बरोबर घेतला आणि गावोगाव मुक्काम करत कार्यक्रम केले. याच जिल्ह्यातल्या संगमनेरच्या मातीशी जोडलेल्या तमाशाच्या फडाचे हेच चित्र आहे : दसऱ्याला बाहेर पडायचे, बुद्धपौर्णिमेपर्यंत तंबू, राहुट्या आणि ट्रक घेऊन गाव बदलत राहायचे, पाऊस किंवा परवानगी आडवी आली तर पदरचे घालायचे. लेनच्या गाड्या बिघडल्या, जाहिरात तोकडी पडली, तिकिटे खपली नाहीत आणि दौरा कर्जात बुडाला. संगमनेरच्या कांताबाई सातारकरांसारख्या कलावंतिणीची थोरवी कोणी फडाच्या जमाखर्चावरून ठरवत नाही. मग लेनच्या तंबूचा तोटा त्याच्या संगीताच्या नावावर का लिहावा? जमाखर्च कार्यक्रमाच्या व्यवस्थेचा निकाल देतो, कलेचा नाही.

उलट इतरांच्या यशात लेनचा हात किती होता, हेही पाहायला हवे. एका अमेरिकी कॅराव्हॅनमध्ये त्याने ध्वनिमुद्रणाचा फिरता स्टुडिओ बसवला होता. ‘द हू’च्या १९७३ च्या ‘क्वाड्रोफेनिया’साठी तो वापरला गेला. लेड झेपलिन या बँडच्या ‘फिजिकल ग्राफिटी’ या १९७५ च्या अल्बममधली काही गाणीही त्याच फिरत्या स्टुडिओत मुद्रित झाली. जगभर गाजलेले ‘काश्मीर’ त्यातलेच. १९७७ मध्ये लेन आर्थिक अडचणीत असताना त्याने आणि टाउनशेंडने मिळून ‘रफ मिक्स’ हा अल्बम केला. क्लॅप्टन आणि रोलिंग स्टोन्सचा ड्रमवादक चार्ली वॉट्स त्यात वाजवायला आले. त्यातले लेनने गायलेले ‘अ‍ॅनी’ हे गाणे ऐकावे. थोडे शब्द, हळू चाल, कुठेही जोर नाही, तरी मागे रेंगाळत राहते. समव्यावसायिकांना त्याची किंमत पुरेपूर ठाऊक होती. अजाण राहिलो ते आपण श्रोते.

याच सुमारास मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराने त्याला गाठले. त्याच्या आईलाही तोच आजार होता. हळूहळू हातापायांवरचा ताबा जाऊ लागला आणि वाद्य हातातून सुटत गेले. २० सप्टेंबर १९८३ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या पुढाकाराने या आजारावरील संशोधनासाठी मोठी मैफल झाली. क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज हे तिघे गिटारवादक त्या रात्री एकाच मंचावर आले. त्या मैफलीची आठवण आजही निघते, पण त्या तिघांच्या नावाने. लेन नंतर अमेरिकेत टेक्सासमध्ये राहिला, झेपेल तेवढे गात राहिला आणि ४ जून १९९७ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, कोलोरॅडो राज्यात वारला.

तिसरा आक्षेप असा की त्याला मान्यता मिळालीच आहे. २०१२ मध्ये स्मॉल फेसेस आणि फेसेस यांना अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. २००६ मध्ये लेनवर माहितीपट निघाला, २०१९ मध्ये त्याच्या गाण्यांचा मोठा संच आला. हे खरे आहे. पण हॉल ऑफ फेमचा तो मान बँडांचा होता आणि लेन जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. ज्या स्लिम चान्समध्ये तो पूर्णपणे स्वतःसारखा वाजला आणि गायला, त्या बँडचे नाव आजही मोजक्या रसिकांपलीकडे गेलेले नाही. आणि दुर्लक्ष एकट्या लेनचेच झालेले नाही. ‘हू केम फर्स्ट’मध्ये ‘फॉरएव्हर्स नो टाइम अ‍ॅट ऑल’ हे गाणे ज्यांच्यामुळे आले, ते बिली निकल्स आणि गिटारवादक केलेब क्वे हेही असेच मागे राहिले. निकल्सने लिहिलेले ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ पुढे लिओ सेयर आणि फिल कॉलिन्स यांच्या आवाजात गाजले, पण लिहिणाऱ्याचे नाव किती जणांना सांगता येईल?

यात टाउनशेंडचा दोष नाही. स्वतःच्या तबकड्यांवर लेनला आणि निकल्सला जागा देणारा तोच होता. दोष एका मोठ्या नावावर समाधान मानून थांबणाऱ्या आपल्या सवयीचा आहे. अरणगावच्या टेकडीपासून लंडनपर्यंत गेलेल्या विचाराचे संगीत हा या जिल्ह्याच्याही सांस्कृतिक इतिहासाचा भाग आहे आणि तो इतिहास अर्धा सांगणे बरे नाही. म्हणून वाचकांना एक विनंती. ‘बाबा ओ’रायली’ जरूर ऐका, पण त्यानंतर ‘इव्होल्यूशन’, ‘अ‍ॅनी’ आणि स्लिम चान्सचे ‘द पोचर’ ही तीन गाणी लावा. अरणगाव आणि रॉक संगीत यांच्या नात्याबद्दल पुढे कोणाला सांगाल, तेव्हा दोन नावे घ्या.