कमोडच्या बुडाशी

गुडघेदुखीमुळे सासूबाईंना उकिडवं बसणं जमेना, म्हणून आम्ही संडासात कमोड बसवून घेतला. मिस्त्रीने बुडाभोवती पांढरं सिमेंट थापलं आणि पैसे घेऊन गेला. पाच-सहा महिन्यांत सिमेंटला तडे गेले, कमोड डुगडुगू लागला. कितीही फिनेल टाका, वास काही जाईना. एके सकाळी सासूबाईंचा तोल गेला. भिंतीला हात टेकला म्हणून निभावलं.

दुसऱ्या प्लंबरने कमोड उचलला तेव्हा कारण कळलं. स्क्रू ढिले होते. भांडंच हलत असेल, तर कडक सिमेंट फुटणारच! शिवाय फरशी धुतलेलं पाणी त्या फटीतून आत जाऊन साचत होतं.

मैत्रिणींनो, असं काम निघालं तर जवळ उभ्या राहा. आधी कमोड पक्का बसवून घ्या. दोन-चार वेळा फ्लश करून खालचा सांधा गळत नाही ना, ते बघा. मग फरशी अगदी कोरडी करून समोरून आणि बाजूंनी सिलिकॉन भरायला सांगा. ते लवचिक असतं, सिमेंटसारखं तडकत नाही. मागच्या बाजूला मात्र दोन बोटं जागा मोकळी सोडा. उद्या आतला सांधा गळलाच, तर पाणी तिथून बाहेर येतं आणि लगेच कळतं. त्यानंतर चोवीस तास तिथे पाणी नको.

"ताई, तुम्हाला यातलं काय कळतं?" असं मिस्त्री म्हणेल. म्हणू दे! संडास रोज घासतो आपण, आणि सासूबाईंना हात धरून तिथवर नेतोही आपणच.