पाहुण्यांची भाजी, घरची भाकरी

घोटी सोडून बारी गाव गाठलं की कळसूबाईचा १६४६ मीटर उंचीचा माथा दिसू लागतो आणि गाडीतली भांडणं मिटतात, हा आमच्या घरचा अनुभव आहे. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. भंडारदऱ्याला काजवे पाहायचे, असा मुलीचा हट्ट होता. १९२६ साली प्रवरेवर बांधून पूर्ण झालेलं विल्सन धरण आणि रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर तिने पुस्तकात पाहिलं होतं. काजवे मात्र कधीच नाही.

जलाशयाच्या काठच्या एका वाडीत, घरगुती मुक्कामाची सोय होती तिथे उतरलो. रात्री पानं वाढली. पनीरची भाजी, चपात्या, जिरा राईस. मुलगी खूश झाली. मी मात्र पाणी मागायला म्हणून आत डोकावलो. चुलीपाशी घरातल्या आजी एकट्याच जेवत होत्या. ताटलीत नागलीची काळपट भाकरी, खुरासणीची चटणी आणि वाटीत हुलग्याचं कढण.

"आजी, मला पण यातलंच वाढा की!"

आजी संकोचल्या. "नको दादा. ही आमची गरिबाची भाकर. पाव्हण्याला कशी घालू?"

ते ऐकलं आणि मी तिथेच पाटावर बसलो. कारण हे वाक्य मी पूर्वी वेगळ्या शब्दांत बोललो होतो. तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहत होतो तेव्हा आई एस.टी.बरोबर डबा पाठवायची. त्यात नाचणीची भाकरी असायची. एकदा मी तिला सांगून टाकलं, "काळी भाकरी पाठवू नकोस, मुलं हसतात." दुसऱ्या दिवसापासून डब्यात चपाती येऊ लागली. आईने एका शब्दाने काही विचारलं नाही. ते गहू दुकानातून उधारीवर येत होते, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी आजींनी मला समोर बसवून भाकरी करून दाखवली. नागलीच्या पिठाला गव्हासारखी चिकटाई नसते, म्हणून ते आधणाच्या पाण्यात उकडून घ्यायचं, गरम असतानाच मळायचं, हलक्या हाताने थापायचं. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि शेवटी निखाऱ्यालगत उभी धरायची. टम्म फुगली! हात चालवता चालवता आजी शेतीचं सांगत होत्या. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर रोप टाकायचं, मग भर पावसात चिखलात वाकून लावणी करायची. एवढं करून नागलीला भाव किती, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, मीही टाळला.

याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणी जपली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २०२३ हे साल तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांसाठी साजरं केलं. शहरात नाचणीची बिस्किटं महागड्या डब्यांतून आली. आणि जिने ती पिकवली, ती मात्र पाहुणे आले की भाकरी झाकून ठेवते!

काजवे त्याच रात्री दिसले. हिरड्याचं एक अख्खं झाड लुकलुकत होतं. आम्ही गाडीचे दिवे आणि विजेऱ्या बंद ठेवल्या होत्या. मुलगी कितीतरी वेळ बोललीच नाही.

निघताना आजींनी शेरभर नागलीचं पीठ बांधून दिलं. घरी मी भाकरी थापली. पहिली फाटली, दुसरी करपली. तिसरी जमली म्हणायची. मुलीने तुकडा मोडून खाल्ला आणि विचारलं, "बाबा, उद्या डब्यात देशील?"

तुम्ही त्या बाजूला गेलात, तर एवढंच करा. घरच्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, आम्हाला तुमचीच भाकरी हवी. आणि पैसे देताना मात्र पनीरच्या ताटापेक्षा एक रुपयाही कमी देऊ नका.