अडकित्ता

अडकित्ता हे सुपारी फोडण्याचे व कातरण्याचे, एका टोकाशी खिळीने जोडलेल्या दोन दांड्यांचे हत्यार आहे. वरच्या दांडीला धारदार पाते असते, तर खालची दांडी बोथट असून तिच्यावर सुपारी टेकवली जाते. हिंदीत याला सरोता आणि गुजरातीत सूडी म्हणतात. कन्नडमध्ये सुपारीला 'अडके' म्हणतात आणि मराठी शब्द त्यावरूनच आला असे मानले जाते. विडा खाण्याची चाल जेथे जेथे होती तेथे, म्हणजे भारतापासून श्रीलंका व इंडोनेशियापर्यंत, हे हत्यार वेगवेगळ्या रूपांत आढळते. श्रीलंकेत ते 'गिरय' आणि मलाय भाषेत 'कचिप' या नावाने ओळखले जाते.

युरोपात जुन्या घडीच्या चाकूंचा संग्रह करण्याचा छंद प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात त्याच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू म्हणजे अडकित्ता होय. तोही मिटवून चंचीत किंवा बटव्यात ठेवता येतो, मालकाच्या हातात वर्षानुवर्षे वावरतो आणि घडवणाऱ्याला पाते, खिळ व मूठ या तिन्हींत आपले कौशल्य दाखवावे लागते.

रचना

अडकित्ता ही दुसऱ्या प्रकारची तरफ आहे. खिळ हा टेकू, मधली सुपारी हा भार आणि मुठीवर पडणारा हाताचा दाब हे बल. सुपारी खिळीच्या जितकी जवळ आणि दांड्या जितक्या लांब, तितका जोर कमी लागतो. म्हणूनच कठीण सुपारी खांडण्याचे अडकित्ते लांब दांड्यांचे व जाड पात्याचे असतात, तर पातळ कातरण करण्याचे लहान व हलके असतात. अखंड सुपारीचे खांड, मग खांडाचे कातरण, अशा दोन कामांसाठी काही घरांत दोन वेगळे अडकित्ते असत.

साधा अडकित्ता संपूर्ण लोखंडी असतो. तो गावचा लोहार घडवत असे. पितळी अडकित्त्याचे अंग ओतीव असते; मात्र पितळेला धार टिकत नाही, त्यामुळे वरच्या दांडीत पोलादी पाते बसवावे लागते. पाते व पितळ यांचा हा सांधा कसा आहे यावरून कारागिराची पारख होते. श्रीमंत घरांत चांदीचे अंग असलेले अडकित्तेही असत. मोर, पोपट, घोडा, घोडेस्वार, स्त्री-पुरुषांची जोडी असे आकार विशेष आवडते होते. उघडल्यावर पक्ष्याची चोच उघडावी किंवा मिटल्यावर दोन आकृत्या समोरासमोर याव्यात, अशी योजना चांगल्या नमुन्यांत दिसते. आकार आणि यंत्र येथे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. काही नमुन्यांत मुठीतच चुन्याची लहान डबी बसवलेली असते. गुजरातेतील जामनगर हे अडकित्त्यांसाठी नावाजलेले गाव आहे.

वऱ्हाडातील स्थान

अमरावती व अकोला जिल्ह्यांत सुपारीचे पीक येत नाही; ती कोकण व कर्नाटकातून येते. विड्याचे पान मात्र येथलेच आहे. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी व अकोला जिल्ह्यातील अकोट या भागांत बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पानमळे राखले, आणि त्याच सावलीच्या शेतीत पानपिंपळीही पिकवली. इतिहासात अंजनगाव सुर्जी हे ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात झालेल्या तहासाठी ओळखले जाते. वऱ्हाडच्या बाजारांत त्याची ओळख पानांसाठी होती. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. अकोला व बडनेरा ही स्थानके याच मार्गावर असल्याने किनाऱ्याकडचा माल वऱ्हाडात आणणे सोपे झाले.

पाहुण्यापुढे पाणी ठेवल्यानंतर पानाचे तबक सरकवणे हा येथील रिवाज होता. तबकात पान, चुना, कात, सुपारी आणि अडकित्ता असे. शेतावर जाणारा माणूस हेच साहित्य कापडी चंचीत घालून नेई. लग्न ठरणे याला 'सुपारी फुटणे' हा शब्दप्रयोग रूढ आहे, आणि दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडलेल्याची अवस्था अडकित्त्यातील सुपारीसारखी झाली असे म्हणतात. विदर्भात अनेक घरांत हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हाती लिंबू खोचलेली कट्यार देतात. कट्यार नसेल तर काही ठिकाणी सुरी किंवा अडकित्ता यांवर भागवले जाते. लोखंडाने दृष्ट व बाधा टळते ही त्यामागची समजूत आहे.

संग्रह

महाराष्ट्रातील अडकित्त्यांचा सर्वांत परिचित संग्रह पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता आणि ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी दिवे, दौती, भांडी, वाद्ये, कुलपे, अडकित्ते अशा रोजच्या वापरातील वस्तू गोळा करण्यास सुरुवात केली. लहानपणीच वारलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले. पुढे हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन करण्यात आला. त्या काळी संग्राहकांचे लक्ष नाणी, शस्त्रे व शिल्पे यांकडे असताना स्वयंपाकघरातील आणि पानाच्या तबकातील वस्तूंना दालन मिळवून देणे हे केळकरांचे मोठे काम मानावे लागेल.

परदेशात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गणितज्ञ सॅम्युएल आयलेनबर्ग (१९१३–१९९८) यांनी आशियाई शिल्पांबरोबर अडकित्तेही जमवले. त्यांच्या अडकित्त्यांवर हेन्री ब्राउनरिग यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. मराठीत मात्र या विषयावर लेखन थोडे आहे.

पारख

शेफील्ड किंवा झोलिंगेन येथील जुन्या चाकूच्या पात्याच्या बुडाशी बहुधा कारखान्याचा शिक्का असतो आणि त्यावरून काळ ठरवता येतो. अडकित्त्याला ही सोय नसते. बनवणाऱ्याचे नाव जवळजवळ कधीच नसते. क्वचित टिंबांनी कोरलेली मालकाची आद्याक्षरे सापडतात. त्यामुळे वस्तूच वाचावी लागते. खऱ्या वापराची झीज ठराविक जागी असते. खालच्या दांडीवर सुपारी टेकण्याच्या जागी खोलगटपणा येतो, पुनःपुन्हा धार लावल्याने पाते अरुंद होते, आणि मुठीवरील नक्षी अंगठा व बोटे टेकतात तेथेच गुळगुळीत होते. सगळीकडे सारखीच झिजलेली नक्षी संशयास्पद समजावी. नव्या ओतीव नकलांवर बारीक छिद्रे दिसतात आणि कानशीचे काम उरकलेले असते. काही नकलांत तर मिटल्यावर पाते खालच्या दांडीला नीट भिडतच नाही. असा अडकित्ता सुपारी कातरण्यासाठी घडवलेलाच नसतो.

चिंच किंवा पॉलिश लावून पितळ लखलखीत करणे ही नेहमीची चूक आहे. त्याने वर्षानुवर्षांचा रंग जातो आणि झिजेच्या खुणाही पुसट होतात. पाते कोरड्या फडक्याने पुसून त्यावर व खिळीत हलके तेल द्यावे. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या चामड्यात किंवा कागदात ते गुंडाळू नये. सैल झालेली खिळ ठोकून घट्ट करण्यात दांडी तडकण्याचा धोका असतो.

शंभर वर्षांपेक्षा जुना अडकित्ता १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याच्या व्याख्येत बसू शकतो. अशा पुरावशेषाची खासगी निर्यात करता येत नाही आणि त्यांच्या व्यापारासाठी परवाना लागतो. अडकित्ता हे शस्त्र नसून घरगुती उपकरण आहे. कट्यार, गुप्ती किंवा मोठ्या पात्याचे चाकू जमवणाऱ्यास मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यातील तरतुदी पाहाव्या लागतात.

ऱ्हास

यंत्रावर कातरलेली सुपारी पुड्यांत मिळू लागल्यावर घरातील अडकित्त्याचे काम संपत गेले. सुपारी स्वतःही निर्दोष नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये ती माणसात कर्करोग निर्माण करणारी असल्याचे नमूद केले, आणि तोंड उघडणे अवघड करणारा मुखाचा तंतुमय विकार तिच्या सेवनाशी जोडलेला आहे. सवय सुटणे हिताचेच आहे. परंतु तिच्याबरोबर हत्यारही मोडीत जाते. पितळी अडकित्ता वजनावर विकला जातो आणि त्याचे मोल कारागिरीवर नव्हे, तर धातूच्या भावावर ठरते. वितळवलेल्या अडकित्त्यासोबत तो कोणत्या गावचा, कोणाच्या तबकातला, कोणत्या लग्नात आलेला ही माहितीही जाते. शिक्का नसलेल्या वस्तूच्या बाबतीत तेवढाच पुरावा असतो. म्हणून जाणकार संग्राहक वस्तू घेतानाच तिचे गाव, घर आणि आठवणीतला काळ चिठ्ठीवर लिहून घेतात व ती चिठ्ठी अडकित्त्याबरोबर ठेवतात.