टाकी कोणाची, केवढी आणि कुठे?

अमेरिकेत शहर मागे टाकून गावाकडच्या रस्त्याला लागलं, की घरांच्या मागच्या बाजूला पांढऱ्या, आडव्या, गोल टोकांच्या टाक्या दिसू लागतात. शहरात नैसर्गिक वायू जमिनीखालच्या नळातून थेट घरात येतो. जिथे एका घरापासून दुसरं घर अर्ध्या मैलावर आहे, तिथे नळ टाकणं कोणत्याच कंपनीला परवडत नाही. तिथे घर गरम ठेवणं, पाणी तापवणं, स्वयंपाक करणं आणि वादळात वीज गेली की जनरेटर चालवणं, अशी बरीच कामं प्रोपेनवर होतात. सबंध देशात वीस घरांमागे साधारण एक घर उबेसाठी मुख्यतः प्रोपेनवर अवलंबून आहे.

तिकडे उपनगर सोडून चार-पाच एकरांत घर बांधायला निघालेल्या मराठी कुटुंबांना हा प्रकार अगदी नवा असतो. आपल्याकडे सिलिंडर संपला की दुसरा येतो, नाहीतर नळाचा गॅस असतो. अंगणात टाकी कोण बसवतं? म्हणून ओट्याचा दगड निवडण्यात महिना जातो आणि टाकीचा विचार घर पुरं होत आल्यावर सुरू होतो. तोवर ड्रायव्हवे झालेला असतो, हिरवळ लावलेली असते आणि नळासाठी चर खणायचा तर दोन्ही उखडावे लागतात. टाकीची जागा घराच्या नकाशावरच ठरली पाहिजे. आणि जागा ठरवण्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा: टाकी कोणाच्या मालकीची असणार?

गॅस पुरवणाऱ्या बहुतेक कंपन्या टाकी भाड्याने देतात. भाडं अगदी नाममात्र असतं, कधी नसतंही. नव्या घराचा खर्च आधीच हाताबाहेर गेलेला असतो, त्यामुळे हा प्रस्ताव आवडतो. पण भाड्याच्या टाकीत दुसऱ्या कंपनीला गॅस भरता येत नाही. अनेक राज्यांत कायद्यानेच तशी बंदी आहे. म्हणजे ती कंपनी जो भाव लावेल तो द्यायचा, किंवा टाकी परत करायची. परत करायची तर टाकी उचलून नेण्याचा आकार, आत उरलेला गॅस काढून घेण्याचा आकार, वर्षाला ठरलेल्या गॅलनपेक्षा कमी वापर झाला असेल तर त्याचा आकार, अशी कलमं करारात असू शकतात. उरलेल्या गॅसचे पैसे मिळतात की नाही, हेही तिथेच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. घर विकताना भाड्याची टाकी घराबरोबर जात नाही, हे बऱ्याच जणांना विक्रीच्या कागदांवर सही करतानाच कळतं.

स्वतःच्या टाकीला एकरकमी पैसे लागतात, पण मग दरवर्षी चार ठिकाणी भाव विचारता येतो. उन्हाळ्यात मागणी कमी असते तेव्हा टाकी भरून ठेवता येते. माझं मत स्पष्ट आहे: ज्यांना त्या घरात दहा-पंधरा वर्षं राहायचं आहे त्यांनी टाकी विकत घ्यावी.

मात्र मालकीने सगळं साधत नाही, हे २०१३-१४च्या हिवाळ्याने दाखवलं. त्या शरद ऋतूत मध्य-पश्चिमेकडच्या राज्यांत मका उशिरा आणि ओला निघाला. तिकडे मका वाळवायला प्रचंड प्रमाणात प्रोपेन जाळतात, त्यामुळे थंडी सुरू होण्याआधीच साठे खाली गेले. कॅनडातून प्रोपेन आणणारी कोचिन नळवाहिनी नेमकी तेव्हाच काही आठवडे दुरुस्तीसाठी बंद होती. पाठोपाठ जानेवारीत ध्रुवीय थंडीची लाट आली. शरदात मध्य-पश्चिमेत गॅलनला दोन डॉलरच्या आतबाहेर असलेला घरगुती भाव चार डॉलरच्या वर गेला आणि अनेक राज्यांना आणीबाणी जाहीर करावी लागली. कंपन्यांनी आपल्या बांधलेल्या गिऱ्हाइकांना आधी गॅस दिला. स्वतःची टाकी असलेल्या, दरवर्षी स्वस्त भावामागे कंपनी बदलणाऱ्या लोकांना नवं गिऱ्हाईक म्हणून कोणी उभं करेना. म्हणून टाकी आपली असावी, पण एका भरवशाच्या कंपनीशी हंगामाचा करारही असावा. उन्हाळ्यातच ठरावीक गॅलनांचा भाव बांधून घेण्याची सोय बऱ्याच कंपन्या देतात.

आता आकार. पूर्ण घर प्रोपेनवर चालणार असेल तर ५०० गॅलनची टाकी सर्वसाधारण मानली जाते. ती सुमारे १० फूट लांब आणि ३ फुटांहून थोड्या जास्त व्यासाची असते. तिच्यात ५०० गॅलन मात्र कधीच भरत नाहीत. ऊन वाढलं की द्रव प्रोपेन फुगतो, त्याला जागा लागते, म्हणून ८० टक्क्यांवर थांबायचं. भरणारा माणूस टाकीवरचा एक बारीक स्क्रू सैल करतो. त्यातून वायूऐवजी पांढरा फवारा येऊ लागला की द्रव ८० टक्क्यांच्या पातळीला पोचला. म्हणजे हाती येतात ४०० गॅलन, सुमारे १५०० लिटर. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरच्या भाषेत सांगायचं तर चोपन्न सिलिंडर.

हा साठा मोठा वाटतो, पण हिशेब करून पाहा. एक गॅलन प्रोपेनमधून सुमारे ९१,५०० बीटीयू उष्णता मिळते. घर तापवणारा एक लाख बीटीयूचा फर्नेस तासभर सलग चालला तर गॅलनभराहून थोडा जास्त गॅस जातो. कडाक्याच्या थंडीत तो दिवसाचे बारा तास चालला तर रोजचे तेरा गॅलन. टाकी तळाला लागेपर्यंत थांबायचं नसतं, काटा २५-३० टक्क्यांवर आला की पुन्हा भरायची असते. तेव्हा दोन भरण्यांमध्ये जेमतेम तीन आठवडे मिळतात. घरामागे २० किलोवॅटचा जनरेटर असेल आणि हिमवादळात वीज दोन दिवस गेली, तर पूर्ण भारावर तो तासाला तीन-चार गॅलन खातो. त्यामुळे मोठं घर, जनरेटर आणि लांब हिवाळा असेल तर १००० गॅलनचा विचार करावा. उलट घर उत्तम इन्सुलेशनचं असेल, ऊब हीट पंपाने मिळत असेल आणि प्रोपेन फक्त शेगडीपुरता हवा असेल, तर १२० गॅलनची उभी टाकीसुद्धा पुरते. भिंतीतल्या इन्सुलेशनवर घातलेला पैसा टाकीवर घातलेल्या पैशाहून अधिक वर्षं उपयोगी पडतो, हे बांधकामाच्या वेळीच लक्षात घ्यावं.

आकाराची आणखी एक बाजू आहे, आणि विकणारेही ती नीट समजावून सांगत नाहीत. टाकीत असतो द्रव, घराला लागतो वायू. द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागते आणि ती टाकीच्या पोलादी पत्र्यातून, बाहेरच्या हवेतूनच मिळते. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणून मिनेसोटाच्या उणे ३० अंशांतही त्याचा वायू होत राहतो. आपल्या घरगुती गॅसमध्ये प्रोपेनबरोबर ब्युटेनही असतो. ब्युटेन शून्याच्या जरा खाली द्रवच राहतो, त्यामुळे आपलं मिश्रण तिथल्या अंगणात हिवाळाभर निरुपयोगी ठरेल. तिथे घरांना मिळणाऱ्या गॅसमध्ये किमान ९० टक्के प्रोपेन असतो, तो याचसाठी. तरीही थंडीत दाब पडतोच. २१ अंशांना टाकीतला दाब सुमारे ११० पीएसआय असतो, तर उणे १८ अंशांना तो जेमतेम २४ होतो. टाकी लहान आणि अर्धीअधिक रिकामी असेल तर द्रवाला टेकलेला पत्रा कमी, म्हणून उष्णता कमी आणि वायूही कमी तयार होतो. मग नेमक्या सर्वांत थंड रात्री टाकीत गॅस असूनही फर्नेसला तो पुरेसा मिळत नाही. मोठी टाकी साठ्याइतकीच या पृष्ठभागासाठीही घ्यायची असते.

जागेचे नियम तसे सरळ आहेत. देशभर वापरल्या जाणाऱ्या एनएफपीए ५८ या संहितेनुसार १२५ ते ५०० गॅलनची जमिनीवरची टाकी घरापासून आणि हद्दीपासून किमान १० फूट दूर हवी. त्याहून मोठी, २००० गॅलनपर्यंतची असेल तर २५ फूट. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात, म्हणून काउंटीच्या कार्यालयात विचारणं आलंच. पण नियमात बसणारी जागा सोयीची असतेच असं नाही. गॅस भरायला येणाऱ्या ट्रकची नळी साधारण १०० ते १५० फुटांची असते. फूटभर बर्फ पडलेलं असतानाही ट्रकला तेवढ्या जवळ येता यायला हवं. हा जड ट्रक सेप्टिक टँकच्या शोषक चरांवरून जाता कामा नये. उतरत्या छपरावरून घसरणारं बर्फ जिथे पडतं, तिथे भिंतीवरचा रेग्युलेटर नको. खणण्याआधी ८११ला फोन केला की कंपन्यांच्या तारा आणि नळ जमिनीवर आखून मिळतात. आपली विहीर आणि सेप्टिकचे नळ मात्र आपल्यालाच ठाऊक असायला हवेत.

नदीकाठी किंवा ओढ्याकाठी घर असेल तर टाकी जमिनीला जखडलीच पाहिजे. प्रोपेनचं वजन पाण्याच्या निम्मं, त्यामुळे भरलेली टाकीसुद्धा पुरात बुडवलेल्या रिकाम्या घागरीसारखी उसळून वर येते आणि नळ तोडून वाहू लागते. सप्टेंबर २०२४मध्ये हेलीन वादळाच्या पुरात पश्चिम नॉर्थ कॅरोलिनात अशा टाक्या गॅस सोडत वाहताना दिसल्या.

टाकी डोळ्यांना नको असेल तर ती पुरता येते. त्यासाठी वेगळं लेपन केलेली टाकी, भोवती वाळू आणि पोलादाऐवजी स्वतः झिजणाऱ्या मॅग्नेशियमच्या पिशव्या लागतात. त्या पिशव्यांचं संरक्षण टिकून आहे का, हे ठरावीक वर्षांनी मोजून घ्यावं लागतं. हे करण्याची तयारी नसेल तर टाकी वर ठेवून भोवती झुडपं लावलेली बरी. तिला गडद रंग मात्र देऊ नये. पांढरा रंग ऊन परतवतो.

आत यायचं तर शेगडी, ड्रायर बहुधा नैसर्गिक वायूसाठी जुळवलेले येतात. प्रोपेनसाठी त्यांची गॅस सोडणारी तोंडं बदलावी लागतात. हे राहून गेलं तर ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो. शहरातला नैसर्गिक वायू गळला तर वर जातो; हा खाली उतरतो आणि बेसमेंटमध्ये साचतो. म्हणून त्याचा शोधक जमिनीलगत लावायचा. प्रोपेनला येणारा वास आपल्या सिलिंडरच्या वासासारखाच, मिसळलेल्या मरकॅप्टनचा. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेला नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसला वास देण्याची सक्ती आली. कोऱ्या टाकीत पहिल्यांदा गॅस भरताना आतला ओलावा आणि गंज हा वास शोषून घेऊ शकतात. त्यामुळे भरण्याआधी टाकीतली हवा आणि ओलावा काढून टाकल्याची कंपनीकडून खातरी करून घ्यावी आणि पहिल्या महिन्यांत केवळ नाकावर भिस्त ठेवू नये.

वास आलाच तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, घरात फोन लावायचा नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं, सुरक्षित असेल तर टाकीवरचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद करायचा आणि दूर जाऊन मदत मागवायची. टाकी पुरती रिकामी झाली, तरी नवा गॅस भरल्यावर गळतीची तपासणी झाल्याशिवाय काहीही पेटवायचं नसतं. त्या तपासणीचे पैसे गिऱ्हाइकाला द्यावे लागतात, आणि टाकी रिकामी होते ती बहुधा थंडीत, तंत्रज्ञांना श्वास घ्यायला फुरसत नसते तेव्हा. टाकीतली पातळी दुरून कंपनीला कळवणारं छोटं यंत्र आता मिळतं; करार करतानाच ते मागून घ्यावं.