आईबापांची वांटणी

निरनिराळ्या राष्ट्रांच्या स्वभावाविषयीं बोलतांना आपण बहुधा फार सैल बोलतों. अमेरिकन मनुष्य व्यवहारी, जपानी मनुष्य मितभाषी, भारतीय मनुष्य भावनाप्रधान, असे शिक्के एकदां मारून ठेवले कीं विचाराचे श्रम वांचतात. हीं विधानें सर्वस्वी खोटीं असतात असें नाहीं. पण तीं घांसून पाहण्यास कसोटी नसते. अनेक राष्ट्रांनीं एकच कथा हातीं घेऊन तिचें काय केलें, हें शेजारीं शेजारीं मांडतां आलें, तर कांहीं निश्चित बोलतां येईल. चित्रपटांच्या इतिहासांत अशी एक कथा आहे, आणि ती कोणत्याहि घराच्या उंबरठ्यावरची आहे. आईबाप म्हातारे होतात, मुलें आपापल्या संसारांत गुंततात, आणि मुलांच्या घरांत आईबापांना जागा पुरत नाहीं. ही कथा १९३७ सालीं अमेरिकेंत पडद्यावर आली, १९५३ सालीं जपानांत, १९५४ सालीं आपल्या मराठींत. आणि २००३ सालीं हिंदी ‘बागबान’च्या रूपानें ती आपल्याकडे घरोघर पोंचली.

अमेरिकन चित्रपटाचें नांव ‘मेक वे फॉर टुमारो’. त्याचा दिग्दर्शक लिओ मॅकॅरी हा मूळचा विनोदी चित्रांचा कसबी कारागीर. लॉरेल आणि हार्डी या जोडगोळीच्या घडणींत त्याचा हात होता, आणि मार्क्स बंधूंचा ‘डक सूप’ हा धुमाकुळी चित्रपट त्यानेंच १९३३ मध्यें दिग्दर्शित केला होता. त्याच्या या कथेंत कर्जाचे हप्ते थकल्यामुळें बार्कले कूपर आणि लूसी या वृद्ध जोडप्याचें घर बँकेकडे जातें. मुलें पांच; पण दोघांनाहि एकत्र ठेवून घेण्याची सोय एकाकडेहि नाहीं. आई न्यूयॉर्कला एका मुलाकडे, बाप शेंकडों मैलांवर एका मुलीकडे, अशी वांटणी होते. येथें काळहि ध्यानांत घेतला पाहिजे. महामंदीनें सामान्य माणसाच्या ठेवी आणि घरें गिळलीं होतीं. वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा कायदा १९३५ मध्यें संमत झाला होता खरा. परंतु त्याअन्वयें मासिक रक्कम हातांत पडूं लागली ती १९४० च्या जानेवारीपासून. कूपर पतिपत्नी या मधल्या पोकळींत सांपडलीं होतीं.

या चित्रपटांतील एका प्रसंगासाठीं थोडें थांबलें पाहिजे. सून घरीं ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचा वर्ग चालवून संसाराला हातभार लावीत असते. एका रात्रीं प्रतिष्ठित मंडळी डावांत रंगलेली असतां सासूबाई आपली डुलती खुर्ची घेऊन मध्येंच येऊन बसतात. खुर्ची कुरकुरते, खेळणारांचें चित्त विचलित होतें, सून कानकोंडी होते, आणि आपण प्रेक्षक हंसतों. तेवढ्यांत नवऱ्याचा टेलिफोन येतो. टेलिफोनची संवय नसल्यामुळें लूसीबाई जवळजवळ ओरडूनच बोलतात. पाहुणे प्रथम एकमेकांकडे पाहून गालांतल्या गालांत हंसतात. मग तें बोलणें त्यांच्या कानांत शिरूं लागतें. प्रकृतीची काळजी, एकमेकांवांचून वाटणारें सुनेंपण, असें साधेंच बोलणें तें. पण दिवाणखाना हळूहळू स्तब्ध होतो. कोणी कोणाकडे पाहत नाहीं. आपलें हंसणेंहि आपल्या तोंडावर तसेंच राहतें आणि मग त्याची लाज वाटूं लागते. विनोदी चित्रांत मुरलेल्या माणसालाच हें साधावें. हास्याचा लगाम केव्हां सोडावा आणि केव्हां खेंचावा, हें त्याला पुरतें ठाऊक होतें.

तरी या सुनेला मॅकॅरीनें दुष्ट ठरविलेलें नाहीं. आजी नातीच्या खोलींत झोंपते, त्यामुळें नातीच्या मित्रमैत्रिणी घरीं येईनाशा होतात. सुनेची अडचण खरी आहे. आईला वृद्धाश्रमांत ठेवावें लागणार, ही गोष्ट तिला कशी सांगावी या विवंचनेंत मुलगा असतां आईच आधीं बोलते. आपल्यालाच तेथें जाऊन राहावेंसें वाटतें, असें ती त्याला सांगते. मुलाच्या तोंडून तो शब्द निघूं नये, एवढ्याचसाठीं हा सारा खटाटोप! शेवटीं नवरा प्रकृतीच्या कारणानें दुसऱ्या मुलीकडे कॅलिफोर्नियास जाण्यास निघतो. बायको वृद्धाश्रमांत जाणार हें त्याला माहीतहि नसतें. गाडी सुटते आणि चित्रपट संपतो. शेवट गोड करावा असा कंपनीच्या चालकांचा आग्रह होता. मॅकॅरीनें तो मानला नाहीं. चित्रपट चालला नाहीं आणि त्याला पॅरामाउंट कंपनी सोडावी लागली. त्याच वर्षीं काढलेल्या ‘द ऑफुल ट्रूथ’ या प्रणयविनोदी चित्रपटाबद्दल त्याला दिग्दर्शनाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें, तेव्हां तें चुकीच्या चित्राला दिलें गेलें असें त्यानें बोलून दाखविलें.

यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाचा ‘टोकियो स्टोरी’ सोळा वर्षांनीं निघाला. त्याचा सहलेखक कोगो नोदा यानें अमेरिकन चित्रपट पाहिलेला होता. ओझू स्वतःहि अमेरिकन चित्रांचा मोठा भोक्ता. दुसऱ्या महायुद्धांत सिंगापुरास असतांना तेथें जप्त झालेलीं अमेरिकन चित्रें त्यानें पुष्कळ पाहिलीं होतीं. तेव्हां दोन्ही चित्रपटांतील अंतर हें अज्ञानाचें नव्हे. ओझूनें तें समजून उमजून घेतलेलें आहे.

त्याच्या कथेंत कोणाचें घर जात नाहीं, बँक नाहीं, वांटणीहि नाहीं. ओनोमिची या समुद्रकांठच्या गांवांतील म्हातारा म्हातारी टोकियोस मुलांना भेटायला जातात, एवढेंच. मुलगा डॉक्टर आहे, पण त्याला रोग्यांमधून सवड नाहीं. मुलगी शिगे केशभूषेचें दुकान चालविते. आईबापांसाठीं नवऱ्यानें महाग खाऊ आणला तर तिला तो उधळेपणा वाटतो. दोघें मिळून खर्चाचा हिशेब करतात आणि आईबापांना अतामीच्या उन्हाळ्यांवर धाडून देतात. तेथें रात्रभर तरुणांचा गोंगाट. म्हाताऱ्यांना झोंप नाहीं. त्यांच्यासाठीं कामावर रजा काढून शहर दाखविते ती नोरिको, युद्धांत गेलेल्या मुलाची विधवा. परत गेल्यावर थोड्याच दिवसांत आई मरते. शिगे मनापासून रडते. आणि थोड्याच वेळानें, जेवणाच्या बैठकींत, आईचीं कोणतीं वस्त्रें आपल्याला आठवण म्हणून हवीं तें सांगून मोकळी होते. अमेरिकन किंवा भारतीय दिग्दर्शकाच्या हातीं हा प्रसंग ढोंगाचा पुरावा झाला असता. ओझूच्या हातीं तो तसा होत नाहीं. रडणेंहि खरें आणि मागणेंहि खरें. धाकट्या मुलीला संताप येतो; तेव्हां, मुलें मोठीं झाल्यावर दूर जायचींच, असें तिला नोरिकोच समजावते. जीवन निराशाजनकच नाहीं का, असें मुलगी विचारते. नोरिको हंसून होकार देते. त्या हंसण्याला मराठींत नेमका शब्द सांपडत नाहीं.

या शांतपणामागेंहि इतिहास आहे. जपानांत थोरल्या मुलाकडे घर, घराण्याचें नांव आणि आईबापांचा सांभाळ हीं तिन्ही एकत्र जात असत. ही कुलव्यवस्था युद्धोत्तर दुरुस्त झालेल्या नागरी कायद्यानें १९४७ मध्यें मोडली आणि सर्व मुलें समान वारस ठरलीं. ओझूचा चित्रपट त्यानंतर सहाच वर्षांनीं निघाला आहे. जुनें कर्तव्य कायद्यांतून गेलें होतें आणि नवें अजून कोणाच्या अंगवळणीं पडलें नव्हतें. तरी ओझू कोणालाच दोषी धरीत नाहीं. कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर ठेवून तो निमूटपणें पाहत राहतो.

आतां आपल्याकडे वळूं. १९५४ सालच्या राजा परांजपे यांच्या ‘ऊन पाऊस’मध्यें आणि बी. आर. पंतुलु यांच्या १९५८ सालच्या ‘स्कूल मास्टर’ या कानडी चित्रपटांत बाप शाळामास्तर आहे. त्या पिढीला त्यागाचें तेंच रूप ओळखीचें होतें. ‘बागबान’मध्यें तो बँकेंतून निवृत्त झालेला गृहस्थ होतो. चार मुलें आईबापांना सहा सहा महिन्यांसाठीं वांटून घेतात. डुलत्या खुर्चीच्या जागीं येथें टंकलेखनयंत्र आहे. त्याची रात्रीची टकटक मुलाच्या घराला सोसत नाहीं. टेलिफोनहि आहे, पण त्यावर करवा चौथीचें व्रत पाळणारें जोडपें बोलतें. अखेरीस त्याच यंत्रावर लिहिलेल्या पुस्तकाला मोठें पारितोषिक मिळतें आणि भरसभेंत बाप मुलांचा हिशेब चुकता करतो. अमेरिकन बापाची मुलें आपण वाईट वागलों हें आपसांत कबूल करतात. जपानी बाप, आपलीं मुलें इतरांच्या मानानें बरींच म्हणावीं लागतील, असें म्हणून समाधान मानतो. भारतीय बापाला मात्र व्यासपीठ लागतें आणि समोर श्रोते लागतात.

तिन्ही देशांचें एका गोष्टीवर एकमत आहे. पोटचीं मुलें उणीं पडतात आणि माया मिळते ती परक्याकडून. पण हा परका कोण, येथें तिघांच्या वाटा फुटतात. अमेरिकेंत तो रस्त्यावरचा अनोळखी मनुष्य आहे. निरोपाच्या दिवशीं म्हातारा म्हातारी आपल्या मधुचंद्राच्या हॉटेलांत जातात, तेव्हां तेथील व्यवस्थापक त्यांचें आदरानें स्वागत करतो, आणि त्यांचीं पावलें नव्या तालावर अडखळतात हें पाहून वाद्यवृंदाचा प्रमुख जुनी चाल सुरू करतो. मोठ्या शहरांतील अनोळखी माणसाच्या सौजन्यावर अमेरिकेची केवढी श्रद्धा! जपानांत ती विधवा सून आहे. नातें तुटलें असतांहि ती तें पाळते. आणि आपल्याकडे? कानडींत मास्तरांचा जुना विद्यार्थी, हिंदींत लहानपणीं आधार दिलेला अनाथ मुलगा. म्हणजे आपला परका हा खरा परका नव्हेच. तो ऋणको आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण हे शब्द आपण आतां उच्चारीत नसलों तरी पडद्यावर हिशेब त्याच वहींतून होतो. पोटच्या मुलानें कर्ज बुडविलें, तर दुसरा कोणी तें फेडतो. बुडीत खातें आपल्या कथेला मानवत नाहीं.

विनोदाचेंहि असेंच आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत हास्याचे सहा प्रकार सांगितले असून ते माणसांच्या पायरीप्रमाणें वांटून दिले आहेत. उत्तमांनीं स्मित आणि हसित, मध्यमांनीं विहसित आणि उपहसित, अधमांनीं अपहसित आणि अतिहसित. पूज्य माणूस हास्यास्पद होऊं नये, हा दंडक आपल्या हाडींमांसीं खिळला आहे. म्हणून ‘बागबान’मध्यें हंसविण्याचें काम परेश रावळ यांच्या पात्राकडे दिलेलें आहे, अमिताभ बच्चन यांच्या बापाकडे पाहून कोणी हंसत नाहीं. ओझूचा बाप मात्र जुन्या मित्रांबरोबर दारू पिऊन अपरात्रीं मुलीच्या दुकानांत येऊन कलंडतो, आणि तरीहि त्याची प्रतिष्ठा जात नाहीं.

मला वाटतें, आपलें नुकसान येथेंच होतें. आईबापांना देव्हाऱ्यांत बसविलें कीं सुनेला राक्षसीण करणें ओघानेंच येतें. लहान घर, वाढतीं मुलें, दोघांची नोकरी, स्वयंपाकघरांतील दोन पिढ्यांच्या संवयी, यांपैकीं कशाचाच विचार ‘बागबान’ करीत नाहीं. हा चित्रपट पाहून डोळे पुसणाऱ्या कित्येक स्त्रिया स्वतः सुना असतील. त्यांनीं स्वतःला कोठें पाहिलें असेल? तथापि एक श्रेय त्याला दिलें पाहिजे. क्षमा हा हिंदी चित्रपटाचा ठरलेला शेवट. येथें बाप क्षमा करीत नाहीं. आणि आई म्हणते कीं, आई या नात्यानें मी कदाचित् क्षमा करीन, परंतु पत्नी या नात्यानें करणार नाहीं. आपल्या पडद्यावर आईला पत्नी म्हणून बोलण्याची संधि किती वेळां मिळाली आहे?

आईबापांच्या पोटगीसाठीं आपल्याकडे २००७ सालीं स्वतंत्र कायदा झाला. ज्या घरांत मुलें खरोखरच निर्दय आहेत, तेथें त्याचा उपयोग आहे. पण पुण्या-ठाण्याच्या ज्या घरांतील मुलें अमेरिकेंत आहेत, तेथें दोषी कोणीच नसतो. नातवंडाला सांभाळायला आई सहा महिने न्यू जर्सीला जाते. बापाला थंडी मानवत नाहीं, म्हणून तो येथेंच राहतो. मुलगा प्रेमळ असतो, सून मिळून मिसळून असते, पैशाची ददात नसते. वांटणी मात्र झालेली असते. रात्रीं ठरल्या वेळीं टेलिफोन वाजतो. आतां त्यावर चेहराहि दिसतो आणि कुजबुजलेलें बोलणेंहि सात समुद्रांपलीकडे स्वच्छ ऐकूं जातें. तरीहि आजी ओरडूनच बोलतात, आणि नातवंडें हंसतात.