शंभरातले अठ्ठ्याऐंशी

मोठ्या माणसाला लघवीला जळजळ झाली तर ते सांगतं. सहा महिन्यांचं बाळ नुसतं तापतं, किरकिरतं, दूध ओढत नाही, कधी उलटी करतं. घरात कुणी म्हणतं दात येतायत, कुणी दृष्ट काढतं. सर्दी-खोकला नाही, कान ठीक आहेत, छाती मोकळी आहे आणि तरीही ताप हटत नाही, अशा दोन वर्षांखालच्या शंभर मुलांत साधारण पाच ते सात जणांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असतो. जंतू बहुतेक वेळा आतड्यातलाच, ई. कोलाय. उपचाराला उशीर झाला तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात, म्हणून अशा तापात लघवी तपासायलाच हवी, याबद्दल वाद नाही. माझा आग्रह तपासणीच्या आधीच्या पायरीबद्दल आहे. ती लघवी बाटलीत आली कशी, यावर पुढचं सगळं निदान उभं असतं, आणि नेमकी तीच पायरी सगळ्यात घाईने उरकली जाते.

उरकण्याचं साधन म्हणजे चिकट कडा असलेली प्लास्टिकची छोटी पिशवी. बाळाला टोचायचं नाही, धरून ठेवायचं नाही. पिशवी लावून आईच्या मांडीवर द्यायचं आणि वाट पाहायची. पण तेल-मालिश झालेल्या कातडीवर ती कडा नीट बसत नाही. बाळ पाय झाडतं, एका बाजूने पिशवी सुटते, सिस्टर पुन्हा दाबून बसवतात. अर्ध्या-पाऊण तासाने पिशवीत लघवी दिसते तोवर ती जांघेच्या घडीतून, शी लागलेल्या त्वचेवरून वाहत आलेली असते. आता हिशेब करू. हजार तापलेल्या बाळांपैकी पन्नास जणांना खरा संसर्ग आहे असं धरा. उरलेल्या साडेनऊशेंपैकी सुमारे साडेतीनशे बाळांच्या पिशवीतल्या लघवीत कातडीवरचे जंतू वाढतात. म्हणजे चारशे रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आणि त्यांतले साडेतीनशे खोटे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११च्या मार्गदर्शक सूचनांत हाच आकडा शेकड्यात दिला आहे: शंभरातले अठ्ठ्याऐंशी.

प्रयोगशाळेला यात दोष देता येत नाही. तंत्रज्ञ तारेच्या छोट्या कडीने लघवीचा मिलिलिटरचा हजारावा भाग उचलतो, ताटलीतल्या माध्यमावर रेघोट्या ओढून पसरवतो आणि ताटली रात्रभर उबेत ठेवतो; हेच कल्चर. सकाळी उगवलेला एकेक ठिपका म्हणजे मिलिलिटरमागे हजार जंतू. ठिपके मोजता येतात, पण ते मूत्राशयातून आले की लंगोटातून, हे ताटली सांगत नाही. संसर्ग म्हणण्यासाठी पूर्वापार चालत आलेली मिलिलिटरमागे ‘एक लाख’ ही मर्यादा संशोधक एडवर्ड कॅस यांच्या १९५०च्या दशकातल्या कामातून आली आणि ते काम मोठ्या बायकांवरचं होतं. बाळांच्या मूत्राशयातून नळीने काढलेल्या लघवीसाठी २०११मध्ये ती पन्नास हजारांवर आली. एकाच जातीचा जंतू हवा आणि लघवीत पांढऱ्या पेशी किंवा जंतू दिसायलाही हवेत, अशी जोड तिला दिली गेली. पट्टीवरच्या नायट्राइट चाचणीलाही बाळांत मर्यादा आहे. जंतूंना नायट्राइट तयार करायला लघवी मूत्राशयात काही तास साठून राहावी लागते, आणि तान्हं मूल तर घटकेघटकेला शू करतं. तेव्हा पट्टी कोरी राहिली एवढ्यावर संसर्ग नाही म्हणता येत नाही.

म्हणून पिशवीऐवजी नळी घालून थेट मूत्राशयातून लघवी घ्यावी म्हटलं, की आईवडिलांचा पहिला आक्षेप असतो तो नळीचा. एवढ्याशा जिवाला नळी घालायची? तो कळवळा खरा आहे. बाळ रडतं, दोघांना त्याचे पाय धरावे लागतात आणि ते बघणं सोपं नसतं. पण हे काम काही मिनिटांत संपतं. उलट खोट्या रिपोर्टवर दहा-दहा दिवस अँटिबायोटिक चालतं, जुलाब होतात, मग सोनोग्राफी होते, आणि संसर्ग ‘पुन्हा’ सापडला तर एमसीयू. त्या तपासणीत मूत्राशयात नळी घालून औषध भरतात आणि क्ष-किरणांखाली फोटो काढतात. म्हणजे जी नळी टाळायला पिशवी लावली, तीच शेवटी घालावी लागते, वर क्ष-किरणांची भर. ‘अँटिबायोटिक दिलं तर बिघडतं काय?’ हा दुसरा आक्षेप मला जास्त घातक वाटतो. तापाचं खरं कारण दुसरंच असेल तर शोध तिथेच थांबतो. शिवाय आपल्याकडे ई. कोलाय आधीच अनेक औषधांना दाद देईनासा झाला आहे. गरज नसलेला प्रत्येक डोस त्यात भर घालतो.

तिसरा आक्षेप गर्दीचा, आणि तो करणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. नळी नको तर बाळाची धार थेट झेलता येते, पण ओपीडीबाहेर रांग लागलेली असताना वाडगं घेऊन बाळाच्या धारेची वाट कोण बघणार? तरीही आई, आजी हे काम करू शकतात. शू करवून घेण्याचा सराव त्यांच्याइतका कुणालाच नसतो. आधी जागा धुवायची, निर्जंतुक बाटली हाताशी ठेवायची आणि धार उडाली की मधली झेलायची. थंड सलाइनमध्ये भिजवलेल्या कापडाने ओटीपोट हलकेच चोळलं तर पाच मिनिटांत शू होण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर जातं, असं मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०१७मध्ये दाखवलं. म्हणजे तरीही दोन-तृतीयांश बाळं त्या वेळात शू करत नाहीत. पिशवीलाही तिची जागा आहे. बाळ फार आजारी दिसत नसेल आणि पिशवीतल्या ताज्या लघवीत पांढऱ्या पेशी, जंतू, नायट्राइट काहीच नसेल, तर संसर्गाची शक्यता फार कमी उरते आणि बाळावर लक्ष ठेवून थांबता येतं. काही सापडलं तर मात्र तीच लघवी कल्चरला पाठवायची नाही. नळीने नवा नमुना घ्यायचा, तो तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवायचा किंवा फ्रिजमध्ये ठेवायचा, आणि हे सगळं अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी करायचं, कारण त्यानंतर काही तासांतच खरा जंतूही ताटलीवर उगवेनासा होतो.