जामीन : नाव कुणाचे, कर्ज कुणाचे?

मराठीत ‘जामीन’ हा शब्द हमीसाठी वापरतात आणि ती हमी देणाऱ्या माणसासाठीही. ‘जामीन दिला’ आणि ‘जामीन उभा राहिला’ ही दोन्ही वाक्ये आपण सहज बोलतो. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या या शब्दात हमी आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत. माणूस समोर उभा राहिला, तरच हमी उभी राहिली. आजच्या कर्जप्रकरणांत मात्र ही जोडी फुटली आहे. माणूस घरी असतो आणि त्याचे नाव कुणाच्या तरी कर्जाच्या अर्जात जाऊन बसते. कधी त्याच्या खोट्या सहीने, कधी कोऱ्या फॉर्मवर भिडेपोटी केलेल्या खऱ्या सहीने, तर कधी केवळ मोबाइल नंबर म्हणून. हे नाव तिथे कसे पोहोचते, पोहोचल्यावर त्याचे काय होते आणि मुळात त्या माणसाला कुणी विचारायला हवे होते, याचा हा शोध.

जामिनाचे जुने प्रकार

आपल्याकडच्या जुन्या धर्मशास्त्रात जामिनाला ‘प्रतिभू’ म्हणत. याज्ञवल्क्यस्मृतीने त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. ऋणकोला हजर करण्याची हमी देणारा, तो विश्वासू आहे असे सांगणारा आणि त्याने न दिल्यास स्वतः पैसे देणारा. पहिल्या दोघांची जबाबदारी त्यांच्यापुरतीच राही. तिसऱ्याची मात्र मुलांपर्यंत जाई. म्हणजे ‘हा माणूस चांगला आहे’ असे सांगणे आणि ‘याचे पैसे मी भरीन’ असे सांगणे यांतला फरक तेव्हाच्या शास्त्रकारांना नेमका ठाऊक होता.

मराठी कागदपत्रांच्या भाषेतही हा फरक दिसतो. हाजीर जामीन म्हणजे माणूस हजर करण्याचा, माल जामीन म्हणजे पैशाचा, फैल जामीन म्हणजे वर्तणुकीचा. जामिनाच्या पाठीशी उभा राहणारा तो आडजामीन आणि एकमेकांना बांधून घेणाऱ्यांचा तो साखळी जामीन. यासाठी जे लेखी होई त्याला जामीनकतबा म्हणत. भाषेत इतके शब्द असण्याचे कारण सरळ होते. कुणी किती अडकायचे, हे आधी ठरत असे आणि त्या त्या अडकण्याला नाव असे.

आजच्या छापील अर्जात ‘जामीनदार’ या शीर्षकाखाली एक चौकट असते. नाव, पत्ता, पॅन, सही. ओळखीचा म्हणून सही करणारा आणि पैसे भरण्याच्या तयारीने सही करणारा, दोघेही त्याच चौकटीत जातात. कायद्याच्या दृष्टीने ते दोघे ‘माल जामीन’च असतात.

सुप्याच्या बाजारातून निघालेला धडा

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेल्या या उठावात जमाव प्रामुख्याने कर्जरोखे मागत होता. रोखे हाती आले की जाळत होता. राग कागदावर होता, कारण कागदावर काय लिहिले आहे ते ज्याच्या नावाने लिहिले त्यालाच ठाऊक नसे. लिहिता न येणारा शेतकरी सहीऐवजी नांगराची निशाणी करी. दावा लागला की पुष्कळदा तो कोर्टात हजरच नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येईल, ही त्यातली तरतूद इतिहासाच्या पुस्तकांत सांगितली जाते. आपल्या विषयाला अधिक जवळची तरतूद वेगळी आहे. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त ग्राम-निबंधकासमोरच झाला पाहिजे, असे या कायद्याने ठरवले. समोरचा माणूस तोच आहे याची निबंधकाने खात्री करून घ्यायची, दस्तात मोबदला पुरता लिहायचा आणि मगच सही-निशाणी घ्यायची.

ही व्यवस्था पुढे मोडीत निघाली. पण तिच्यामागचे तत्त्व आजही तपासून पाहण्यासारखे आहे. ज्याच्यावर बोजा येणार, त्याला कागद कुणी तिसऱ्यानेच समजावून सांगायचा. पैसे देणाऱ्याने नव्हे आणि घेणाऱ्यानेही नव्हे.

कायदा काय मानतो

आजही लागू असलेला भारतीय करार कायदा १८७२ चा, म्हणजे दंग्यांच्या आधीचा आहे. त्याच्या कलम १२६ नुसार हमीच्या करारात तीन पक्ष असतात : धनको, ऋणको आणि जामीनदार. कलम १२८ सांगते की करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. धनकोने आधी कर्जदाराकडून वसुलीचे सारे मार्ग संपवावेत आणि मग जामीनदाराकडे यावे, ही अनेकांची समजूत चुकीची आहे. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच ती फेटाळली. जामीनदार दुसऱ्या रांगेत नसतो. तो पहिल्या रांगेतच उभा असतो.

त्याच कायद्याने जामीनदाराला आधारही दिला आहे. त्याने पैसे भरले तर धनकोचे कर्जदाराविरुद्धचे हक्क त्याच्याकडे येतात (कलम १४०) आणि भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागता येते (कलम १४५). धनकोने महत्त्वाची गोष्ट दडवून किंवा खोटी सांगून हमी मिळवली असेल, तर ती हमी अवैध ठरते (कलमे १४२ आणि १४३). जामीनदाराला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून तो मुक्त होतो (कलम १३३). मात्र बँकांच्या छापील हमीपत्रांत बहुधा बारीक अक्षरांत एक वाक्य असते की अटी बदलण्यास जामीनदाराची आधीच संमती आहे. सही करणारा ते वाचत नाही आणि सही घेणारा वाचून दाखवत नाही.

इथे दोन परिस्थिती वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. ‘सही माझी, पण मला नीट सांगितले नव्हते’ असे म्हणणाऱ्याची बाजू लंगडी असते. वाचता येणाऱ्याने केलेली सही साधारणपणे त्याला बांधते. ‘सही माझी नाहीच’ असे म्हणणाऱ्याच्या बाबतीत मुळात करारच झालेला नसतो. अशा वेळी सही त्याचीच आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तो कागद पुढे करणाऱ्यावर असते. कलम १४४ मध्ये आणखी एक बारकावा आहे. दुसरा जामीनदार सामील झाल्याशिवाय या हमीवर पुढे जायचे नाही, अशी अट ठरली असेल आणि तो दुसरा प्रत्यक्षात आलाच नसेल, तर पहिल्याचीही हमी टिकत नाही. एकाची खोटी सही अशी दुसऱ्याच्या खऱ्या सहीलाही भिडते.

नाव आत जाण्याच्या वाटा

महाराष्ट्रात सर्वांत रुळलेली वाट पगारदारांच्या सहकारी पतसंस्थांची आणि गावोगावच्या नागरी पतसंस्थांची आहे. समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षकाला कर्ज हवे आहे. संस्था त्याच्या हाती फॉर्म देते आणि म्हणते, ‘दोन जामीनदारांच्या सह्या करून आणा.’ या एका वाक्यात सारा घोटाळा आहे. हमीचा करार संस्था आणि जामीनदार यांच्यात व्हायचा. पण जामीनदाराकडे जातो तो कर्जदार. मधल्या सुट्टीत, चहा पिता पिता, ‘सर, एवढी सही करा’ असे होते. रोज एकाच खोलीत बसणाऱ्याला नाही म्हणणे अवघड. भीड भिकेची बहीण, असे आपण उगीच म्हणत नाही. त्यातही कुणी तयार झाले नाही, तर कार्यालयातल्या जुन्या फायलीतली पॅन आणि आधारची झेरॉक्स आणि कुणीतरी गिरवलेली सही कामी येते. संस्थेने त्या जामीनदाराला एकदाही समोर बोलावले नसेल, तर तिला फरक कळणार नाही.

दुसरी वाट घरातली. नवऱ्याच्या धंद्यासाठी बायकोची, भावाच्या ट्रॅक्टरसाठी बहिणीची, मुलाच्या कर्जासाठी निवृत्त वडिलांची सही सहकर्जदार म्हणून घेतली जाते. सहकर्जदार हा जामीनदारही नसतो. तो स्वतःच कर्जदार असतो. हे त्याला हप्ता थकल्यावर कळते.

तिसरी वाट गटाची. सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्या महिलांचे संयुक्त जबाबदारीचे गट करतात, म्हणजे जुना साखळी जामीनच. गटातल्या एकीच्या नावावर कर्ज काढून पैसे दुसरीने वापरले, तरी नोंद नावाच्या मालकिणीवर राहते.

चौथी वाट मोबाइलची. अर्जात ‘संदर्भ’ म्हणून दोन नंबर मागतात, किंवा ॲप संपूर्ण संपर्कयादीच उचलून नेते. मग हप्ता चुकला की मित्राला, चुलत्याला, कार्यालयातल्या साहेबांना फोन जातात. संदर्भ म्हणून नाव असलेल्या माणसावर कर्जाची कसलीही कायदेशीर जबाबदारी नसते. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कर्जाच्या ॲपना संपर्कयादी, फोनच्या नोंदी आणि फोटो-फाइली पाहण्यास मनाई केली. त्याआधी १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात वसुलीच्या नावाखाली कर्जदाराचे कुटुंबीय, संदर्भ दिलेल्या व्यक्ती आणि मित्र यांच्या खासगीपणात शिरण्यास मज्जाव केला आणि वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेपुरते बांधून दिले. बेकायदा ॲप मात्र या नियमांच्या बाहेरच वावरतात.

कळते केव्हा, करायचे काय

बहुतेकांना हे दोन प्रकारे कळते. स्वतःच्या घरकर्जाच्या वेळी बँक सांगते, ‘तुमचे सिबिल खराब आहे’. किंवा पोस्टमन नोटीस आणून देतो.

पतइतिहासाच्या अहवालात स्वतःच्या कर्जाबरोबर जामीनदार म्हणून असलेली कर्जेही दिसतात. देशात अशा नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मागता येतो. अनोळखी नोंद दिसली तर त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी हरकत घ्यावी. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली आहे.

संस्थेला पत्र देऊन अर्ज, हमीपत्र आणि सोबतच्या ओळखपत्रांच्या प्रती मागाव्यात, सही आपली नाही हे स्पष्ट लिहावे आणि पत्राची पोच घ्यावी. बनावट सही हा फौजदारी गुन्हा आहे. दुसऱ्याची डिजिटल ओळख वापरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली येते. ‘थोडे पैसे भरा, प्रकरण मिटवू’ हा सल्ला मात्र धोक्याचा. भरलेला एक हप्ता पुढे जबाबदारी मान्य केल्याचा पुरावा म्हणून दाखवला जाऊ शकतो.

पतसंस्थांच्या बाबतीत वेळेला फार महत्त्व आहे. त्या रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, तर सहकार निबंधकांच्या अखत्यारीत येतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधक थकबाकीच्या वसुलीचा दाखला देतात आणि त्यावरून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. या टप्प्यावर नोटीस आली की हजर राहून ‘सही माझी नाही’ हे लेखी म्हणणे नोंदवलेच पाहिजे. नोटीस बाजूला टाकली आणि दाखला निघाला, तर कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करण्यासाठी आधी येणे रकमेचे ५० टक्के भरावे लागतात. जे कर्ज घेतलेच नाही त्याचे निम्मे पैसे भरल्यावर आपले म्हणणे ऐकले जाणार! दीडशे वर्षांपूर्वीचा एकतर्फी हुकूमनामा इथे वेगळ्या नावाने भेटतो.

कुणी विचारायचे?

घरातल्या भिडेचा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयांपुढेही आला होता. नवऱ्यांच्या धंद्यांसाठी घर तारण देणाऱ्या बायकांच्या दाव्यांत तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००१ मध्ये एट्रिज प्रकरणात बँकांसाठी रीत घालून दिली. बँकेने बायकोशी थेट पत्रव्यवहार करायचा, तिच्यासाठी वकील असायचा आणि त्याने नवरा समोर नसताना तिला व्यवहारातला धोका साध्या भाषेत समजावून सांगायचा. १८७९ च्या ग्राम-निबंधकाचे काम यापेक्षा फार वेगळे नव्हते.

अशी रीत आपल्याकडे अशक्य नाही. जामीनदाराचा मोबाइल नंबर अर्जात असतोच. कर्ज थकल्यावर त्या नंबरवर संस्था दिवसातून पाच वेळा फोन करते, घरचा पत्ता शोधून माणूस पाठवते. हीच तत्परता कर्ज मंजूर करण्याआधी एकदा दाखवली, जामीनदाराला कर्जदाराच्या अपरोक्ष बोलावले, रक्कम सांगितली, ‘त्याने भरले नाही तर तुम्हाला भरावे लागतील’ हे वाक्य त्याच्या भाषेत ऐकवले आणि मग सही घेतली, तर खोटी सही तिथेच उघडी पडेल आणि भिडेची सही करणाऱ्यालाही नाही म्हणायला एक जागा मिळेल. संस्थेचे काम थोडे वाढेल आणि काही कर्जे मंजूर होणार नाहीत. पण जी होतील त्यांत जामीन म्हणून लिहिलेल्या नावामागे पुन्हा माणूस उभा असेल.